जाहिरात लागली, रिमोट कुठाय?

होम थिएटर घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानात हेलिकॉप्टर ऐकवतात. ते डावीकडून येतं, डोक्यावरून जातं आणि सोफ्यामागे विरतं. माणूस खूश होऊन पैसे मोजतो. घरी मात्र त्या पाच स्पीकरांतून सगळ्यात जोरात ऐकू येते ती कपडे धुण्याची पावडर. मालिकेतली सून दाराआड काहीतरी पुटपुटत असते, ते कळावं म्हणून आवाज चढवलेला असतो, नेमका तेवढ्यात ब्रेक लागतो आणि आतल्या खोलीत नुकतंच झोपलेलं पोर उठून बसतं.

ब्रेक लागला की चॅनेलवाले मुद्दाम आवाज वाढवतात, अशी सार्वत्रिक समजूत आहे. सहसा तसं काही नसतं. डिजिटल आवाजाला वर एक कमाल मर्यादा असते आणि ती मालिकेला नि जाहिरातीला एकच. फरक पडतो तो त्या मर्यादेखालची जागा कोण कशी वापरतं यात. सिनेमातले संवाद कमाल पातळीच्या वीस-पंचवीस डेसिबल खाली ठेवलेले असतात. वरची जागा स्फोटासाठी, दार आपटण्यासाठी राखून ठेवतात. जाहिरातीला मिळतात वीस सेकंद. ती संध्याकाळच्या विरार लोकलसारखी भरलेली असते, पाय ठेवायलाही जागा नाही. कॉम्प्रेसर, म्हणजे लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारं साधन, लावून प्रत्येक अक्षर वर खेचलेलं असतं. दोघांचा सर्वोच्च बिंदू एकच, पण सरासरीत दहा डेसिबलचा फरक सहज पडू शकतो. आणि दहा डेसिबल म्हणजे कानाला जवळजवळ दुप्पट आवाज.

म्हणून नियम करणाऱ्यांनी शिखर मोजणं सोडून सरासरी मोजायला घेतली. मोजण्याची पद्धत २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.१७७० या शिफारशीतून आली. युरोपात २०१० पासून उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप, कमाल मर्यादेपासून खाली मोजलेलं) ही पातळी धरली जाते. अमेरिकेत त्याच वर्षी खास कायदा झाला आणि डिसेंबर २०१२ मध्ये लागू झाला. आपल्याकडे केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मध्ये जाहिरात अवाजवी मोठी नसावी असं एक वाक्य आहे. अवाजवी म्हणजे किती, हे त्या वाक्यात नाही. ते शेजाऱ्यांना विचारावं.

पण सरासरी जुळली तरी सांधा जुळत नाही. दोन तासांच्या सिनेमाची आणि वीस सेकंदांच्या जाहिरातीची सरासरी सारखी असेलही, पण ब्रेक बहुतेकदा श्वास रोखून धरलेल्या शांत प्रसंगावर येतो. तिथून सरासरीवर उडी मारली तरी ती किंचाळीच वाटते.

होम थिएटर यात स्वतःची भर घालतं. एव्ही रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारा डबा, ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘न्यूरल एक्स’ या मोडवर ठेवला असेल, तर जाहिरातीचा साधा स्टिरिओ आवाज तो आपण होऊन सगळ्या स्पीकरांत वाटतो. वर सबवूफर, म्हणजे फक्त बेसचा स्पीकर. टीव्हीच्या बोटभर स्पीकरला जो ढोल वाजवताच येत नव्हता, तो आता खिडकीच्या काचांत वाजतो. म्हणून पहिलं काम फुकटातलं: सेट-टॉप बॉक्सच्या इनपुटला साउंड मोड ‘स्टिरिओ’ करा आणि सबवूफर तीन डेसिबल खाली घ्या. जिथे कार्यक्रम खरोखर ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर नि सबवूफरसाठी वेगवेगळा आवाज घेऊन, येतो तिथे सराउंड ठेवून संवादांचा मधला, म्हणजे सेंटर स्पीकर दोन-तीन डेसिबल वर चढवा. संवाद कळू लागले की मुख्य आवाज चढवावा लागत नाही, आणि निम्मी तक्रार तिथेच मिटते.

ऑडिसी ही आवाज जुळवणारी प्रणाली असलेल्या रिसीव्हरमध्ये ‘डायनॅमिक ईक्यू’ हे आणखी एक प्रकरण आहे. कमी आवाजात बेस नि मागचे स्पीकर फिके पडू नयेत म्हणून ते त्यांना उचलून धरतं. हेतू चांगला, पण हिशेब सिनेमाच्या पातळीचा. टीव्हीसाठी त्यातला ‘रेफरन्स लेव्हल ऑफसेट’ १० किंवा १५ वर न्यावा. शून्यावर सोडला तर बिस्किटाची जाहिरातही युद्धपटासारखी गरजते.

मग आवाज दाबण्याची सोय. ‘नाइट मोड’ अनेकांना निकामी वाटतो. त्याचं कारण असं की बऱ्याच रिसीव्हरांत तो डॉल्बी किंवा डीटीएस या पद्धतींत बांधलेल्या आवाजासोबत येणाऱ्या माहितीवर चालतो. साध्या पीसीएम, म्हणजे उलगडलेल्या डिजिटल आवाजात ती माहितीच नसते, त्यामुळे बटण दाबलं काय नि न दाबलं काय. ऑडिसीचा ‘डायनॅमिक व्हॉल्यूम’ प्रत्यक्ष आवाज मोजून काम करतो, त्यामुळे तो दोन्हींवर चालतो. ‘लाइट’ किंवा ‘मीडियम’ पुरे. ‘हेवी’वर जाहिरात संपल्यावर संवाद क्षणभर दबलेला राहतो आणि पात्रं गप्प झाली की मागचा पंखा, रहदारी हळूहळू वर येऊ लागते.

टीव्हीतला ‘ऑटो व्हॉल्यूम’ लावूनही फरक पडत नसेल, तर वायर कुठून कुठे गेलीय ते आधी पाहा. सेट-टॉप बॉक्स थेट रिसीव्हरला जोडला असेल, तर आवाज टीव्हीपर्यंत जाण्याआधीच वळलेला असतो. टीव्ही बिचारा काय करणार? आवाज एआरसीने, म्हणजे एचडीएमआय वायरीवरूनच उलटा, टीव्हीतून रिसीव्हरकडे येत असेल, तर डिजिटल ऑडिओ आउट ‘पीसीएम’ करून पाहा. ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’वर टीव्ही सहसा आवाजाला हात न लावता पुढे ढकलतो. मात्र दाबण्याचं काम एकाच यंत्राकडे द्या. टीव्ही, बॉक्स आणि रिसीव्हर तिघांनीही आवाज दाबला तर जाहिरात गप्प बसते, पण कुजबुज आणि किंकाळी एकाच पट्टीत ऐकू येतात.

हे सगळं सिनेमाच्या रात्री बंद करावं लागतं, आणि ते विसरलं की हेलिकॉप्टर सोफ्यामागे जातच नाही. डेनॉनच्या रिसीव्हरवर ‘क्विक सिलेक्ट’ची बटणं त्यासाठीच आहेत. एकावर टीव्हीची मांडणी, दुसऱ्यावर सिनेमाची. मांडणी जमली की ते बटण दाबून धरायचं, ती साठवली जाते.

आणि एक सेटिंग जे फारसं कुणी उघडत नाही: ‘म्यूट लेव्हल’. डेनॉनमध्ये ते ‘फुल’वर असतं, उणे २० डेसिबल केलं की म्यूट दाबल्यावर आवाज बंद न होता साधारण पाव वाटतो. जाहिरात पुटपुटत राहते आणि मालिका परत सुरू झाल्याचं स्वयंपाकघरातूनही कळतं. फक्त तेवढ्या वेळात रिमोटचं आवाजाचं बटण कुणाला दाबू देऊ नका. ते दाबलं की म्यूट सुटतो.