परवडणारी बालवाडी शोधताना: आधी वय, मग तासांचा हिशेब

पुण्यात तीन वर्षांच्या मुलासाठी सकाळचे तीन तास देणारी, खिशाला झेपेल अशी जागा शोधायची तर मी फीचे पत्रक मागण्याआधी जन्मदाखला समोर ठेवते. सगळ्यात महागडी गफलत वयात होते. राज्य मंडळाच्या शाळांसाठी वय 31 डिसेंबरला मोजतात: नर्सरीला तीन वर्षे पूर्ण, पहिलीला सहा पूर्ण. जन्म ऑक्टोबर 2023 चा असेल तर जून 2026 ला नर्सरी आणि जून 2029 ला पहिली. याच मुलाला वर्षभर आधी "हुशार आहे, बसेल नर्सरीत" म्हणून घेणारे हटकून भेटतात. पुढे पहिलीला वय कमी भरते, मोठा शिशू पुन्हा करावा लागतो आणि एका वर्षाची फी वाया जाते. केंद्रीय विद्यालयात घालायचे मनात असेल तर तिथे वय 31 मार्चला धरतात, म्हणजे हे ऑक्टोबरचे मूल पहिलीला आणखी एक वर्ष मागे जाईल. 31 डिसेंबरला तीन पूर्ण होत नसलेल्या मुलाला पाठवायचेच असेल तर प्ले ग्रुपमध्ये पाठवा, पण नर्सरीची फी मोजू नका.

आता पर्याय. मध्यमवर्गीय घरांत अंगणवाडी पाहण्याआधीच बाद होते, आणि ते मला पटत नाही. ती मोफत आहे, तिला उत्पन्नाची अट नाही, आणि साधारण 400 ते 800 लोकवस्तीमागे एक असे प्रमाण ठरलेले असल्याने शहरातही बहुधा चालत जाता येईल इतक्या अंतरावर सापडते. 3 ते 6 वयाच्या मुलांना दिवसाला किती उष्मांक आणि प्रथिने मिळावीत याचा आहाराचा निकष ठरलेला आहे. जन्मदाखला, लसीकरण कार्ड आणि आईचे आधार घेऊन सेविकाताईंना भेटले की नाव नोंदवले जाते. अडचण असते ती जागेची आणि ताईंच्या वेळेची. शहरात बऱ्याच अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलीत भरतात. सर्वेक्षण, लसीकरण, बैठका, मोबाइलवरच्या नोंदी हे सगळे ताईंच्याच गळ्यात. त्या बाहेर गेल्या की वर्ग मदतनीस ताई सांभाळतात आणि त्या दिवशी शिकवणे होतेच असे नाही. म्हणून खिचडीच्या वेळी न जाता त्याच्या तासभर आधी जावे. मुले तेव्हा काहीतरी करत असतील तर अंगणवाडी चांगली. नुसती भिंतीला टेकून बसली असतील तर पुढची पाहावी.

महापालिकेच्या शाळांना जोडलेल्या बालवाड्या आणि जुन्या मराठी संस्थांचे शिशुवर्ग हा मधला पर्याय. फी ब्रँडवाल्या साखळीच्या मानाने बरीच कमी असते, पण जाहिरात नसते. बऱ्याच ठिकाणी फॉर्म डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि सूचना फक्त फाटकावरच्या फळ्यावर लागते. एप्रिलमध्ये विचारायला गेले की "जागा भरल्या" एवढेच ऐकू येते. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के राखीव जागा काही खासगी शाळांत नर्सरीपासून असतात, पण बहुतेक ठिकाणी पहिलीपासून. आर्थिक दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत लागते. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी आणि दिव्यांग मुलांना ही उत्पन्नाची अट नाही.

खासगी जागांची तुलना महिन्याच्या फीवर केली की फसायला होते. वर्षाचा सगळा खर्च भागिले वर्षाचे प्रत्यक्ष तास, एवढे गणित करावे. समजा फी 36,000, प्रवेश शुल्क 5,000, गणवेश-पुस्तकांचा संच 4,000, एकूण 45,000. दिवाळी, नाताळ, मे महिना वजा जाता 200 दिवस आणि रोज अडीच तास धरले तर 500 तास, म्हणजे तासाला 90 रुपये. शेजारची शाळा 50,000 घेते, पण साडेतीन तास आणि तेवढेच दिवस भरते: तासाला 72 रुपयांच्या आत. व्हॅन लागली तर तिचे पैसे यात मिळवा. स्वस्त पण लांबची शाळा तिथेच महाग पडते. व्हॅनवाले काका सुट्टीच्या महिन्याचे पैसे घेतात का, हेही आधी विचारा.

पैसे भरण्यापूर्वी चार ओळी लेखी मागाव्यात: प्रवेश शुल्क दरवर्षी की एकदाच, हप्ते किती, मूल महिनाभरात रुळले नाही तर परतावा किती, स्नेहसंमेलन-सहलीचे वेगळे किती. शाळापूर्व शिक्षणावर जीएसटी नाही, तेव्हा शिकवणी फीवर 18 टक्के लावलेली पावती दिसली तर हरकत घ्या. पावतीवर शिकवणी फी स्वतंत्र लिहून घ्या. जुन्या करप्रणालीत दीड लाखाच्या वजावटीत नर्सरीची फीसुद्धा धरता येते, डोनेशन नाही.

वर्ग पाहायला जाताना मुले आणि मोठी माणसे मोजा. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाच्या खासगी प्ले स्कूलसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस आहे. मग स्वच्छतागृह: नळ मुलांच्या उंचीला आहे का, दरवाजाला आतून कडी आहे का. नंतर सुटण्याची वेळ. मूल कोणाच्या हाती देतात, ओळख पाहतात की नुसते नाव पुकारतात. रंगीत प्लास्टिकची घसरगुंडी मात्र पाहिली नाही तरी चालेल. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून पालघरकडच्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बिया, शिंपले, माती यांवर बालवाडी चालवली होती.

नोकरी करणाऱ्यांना मधल्या वेळेचा प्रश्न उरतोच. नर्सरी बाराला सुटते, घरी कोणी सहाशिवाय येत नाही. शाळेचेच 'डे केअर' घेण्याआधी जवळच्या घरगुती पाळणाघराचा दर विचारा. शाळेतून आणण्याची सोय ते करत असतील तर ही जोडी बहुधा स्वस्त पडते. आणि मातृत्व लाभाच्या कायद्यानुसार 2017 पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय द्यावी लागते, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येते. एचआरला हे ईमेलवरच विचारावे, तोंडी विचारलेले विसरले जाते.

मधेच शाळा सोडायची वेळ आली आणि थकलेल्या फीसाठी दाखला अडवला, तर घाबरू नका. महापालिकेच्या शाळेत पहिलीच्या प्रवेशाला बालवाडीचा दाखला लागत नाही, जन्मदाखला पुरतो.