एकशे बारा सेंटिमीटर

जूनची दुपार होती आणि बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. मालवणातल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकच्या लादीवर मी मोजपट्टी चिकटवली होती आणि तिच्या एका टोकाशी सतरा वर्षांची मुलगी एका पायावर उभी होती. एका पायावर उडी मारायची, त्याच पायावर उतरायचं आणि दोन सेकंद हलायचं नाही. चांगल्या पायाची उडी १३८ सेंटिमीटर भरली. ऑपरेशन झालेल्या पायाची ११२.

मला निदान १२४ हवे होते, चांगल्या पायाच्या नव्वद टक्के. शिवाय उतरताना तिचा गुडघा आत झुकला होता. टेबलावर तिच्या प्रशिक्षकांनी पाठवलेला फॉर्म होता. 'खेळण्यास योग्य', आणि खाली माझ्या सहीची जागा. फुटबॉल संघाची निवड चाचणी बारा दिवसांवर आली होती.

पोरगी फॉरवर्ड. वडील रापणीला जातात, आई बाजारात मासे विकते. सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी इथल्याच दांडीच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत ती मुलग्यांबरोबर अनवाणी खेळत मोठी झाली. दुखापतीच्या आधी मी तिला एकदाच खेळताना पाहिलं होतं. बॉल पायाशी आला की ती अर्धं पाऊल थबकायची, समोरचा फसायचा आणि ही दुसऱ्या अंगाने निघून गेलेली असायची. ज्या वळण्यावर तिचे गोल व्हायचे, त्याच वळण्यात गुडघा गेला. कुणाची धडक नाही, काही नाही. हेडरसाठी उडी घेतली, खाली आली, वळली आणि 'कट्' असा आवाज तिचा तिलाच ऐकू आला. दोन तासांत गुडघा टम्म सुजला.

पुढे जे झालं त्याचा राग मला अजून येतो. 'मुरगळलाय' म्हणून तेल लावून चोळून दिलं आणि तीन आठवड्यांनी तिला परत मैदानात उतरवलं. धावता धावता गुडघा निसटला. माझ्याकडे आली तेव्हा तिला झोपवून मी नडगी पुढे ओढून पाहिली. ती सैल सरकत आली, कुठे अडकलीच नाही. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याची हाडं आतून बांधून ठेवणारा दोरीसारखा लिगामेंट, पूर्ण तुटलेला दिसला आणि आतली गादीही फाटलेली. पहिल्या आठवड्यात आली असती तर ती गादी कदाचित वाचली असती.

ऑक्टोबरात गोव्यात ऑपरेशन झालं. मांडीच्या मागच्या स्नायूचा कंडरा काढून तिथे बसवला. लोकांना वाटतं, बसवला म्हणजे काम झालं. पण शरीर तो कंडरा आधी कमजोर करतं, मग हळूहळू त्यातून लिगामेंट घडवतं, आणि त्याला महिनोन् महिने लागतात. सूज उतरते, दुखणं थांबतं, जिना चढता येतो, पेशंटला वाटतं आपण बरे झालो, आणि नेमकी तेव्हा आतली दोरी कच्ची असते. नऊ महिन्यांच्या आत खेळायला उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. आणि मुलींचा एसीएल मुळातच मुलग्यांपेक्षा जास्त वेळा तुटतो. हिचे आठ महिने झाले होते.

"मॅडम, माका खेळूचा आसा," ती म्हणाली. रडत नव्हती, नुसती माझ्या हातातल्या पेनकडे बघत होती.

आई म्हणाली, "डाक्टरानू, करा सही. चेडू रात रात झोपणा नाय."

खरं सांगते, पेनचं टोपण मी काढलं होतं. आठ महिने ही मुलगी एक दिवस चुकली नव्हती. एसटी बंद होती त्या दिवशी चालत आली होती.

तिच्या मोबाइलवर फुटबॉलपटू बाला देवीचा फोटो असतो, स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबच्या निळ्या जर्सीत. आपल्याकडे फॉरवर्ड म्हटलं की सुनील छेत्री, आणि ते योग्यच आहे. २००५ मध्ये क्वेट्ट्यात पहिल्याच सामन्यात गोल केला आणि त्यानंतर दोन दशकं तो देशासाठी गोल करत राहिला. पण या पोरीची देवता मणिपूरची बाला. तीही मुलग्यांबरोबर खेळून शिकली, पंधराव्या वर्षी भारताच्या वरिष्ठ संघात आली, जानेवारी २०२० मध्ये ग्लासगोच्या रेंजर्सशी तिचा करार झाला. मग करोनाने सगळंच थांबलं आणि पहिला गोल व्हायला डिसेंबर उजाडला, मदरवेल संघाविरुद्ध. हे मला या पोरीनेच सांगितलेलं.

"बालाचो पण गुडगो गेल्लो मां?" तिने अचानक विचारलं.

"हो. एसीएलच. ऑपरेशन झालं तिचं."

"मगे?"

"मग परत आली. २०२४ मध्ये काठमांडूला सॅफ स्पर्धेत गोल केलान. चौतिसाव्या वर्षी."

ती गप्प झाली. चौतीसमधून सतरा ती मनात वजा करत असावी. मी तरी तेच करत होते.

वडील दाराशी उभे होते. पावसाळ्यात होडी वर ओढलेली, म्हणून ते सोबत आले होते. तोवर एक शब्द बोलले नव्हते. "होडी पण वर वडून ठेवतंव मां आपण," ते हळूच लेकीला म्हणाले. "दर्यो खंय पळान जाता?"

मी टोपण लावलं. फॉर्मवर 'दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी' असं लिहिलं. प्रशिक्षकांचा संध्याकाळी फोन आला, पुष्कळ बोलले. मी ऐकून घेतलं.

जाताना तिने खडू मागितला आणि मोजपट्टीच्या बाजूला १२५ वर रेघ ओढली.

दोन महिने आम्ही उडीपेक्षा उतरण्यावरच काम केलं. आरशासमोर, ठोकळ्यावरून खाली, गुडघा बोटांच्या रेषेत ठेवून, आवाज न करता. दिवसाला पन्नास पन्नास वेळा. निवड चाचणी होऊन गेली, तिच्या जागी दुसरी मुलगी गेली. त्या दिवशीही ही साडेचारला हजर.

ऑगस्टमध्ये पुन्हा मोजपट्टी लावली. मांडीची ताकद आधीच मोजून झाली होती, ती जमली होती. तिने श्वास घेतला आणि उडी मारली. आई वाकून आकडा बघायला लागली. मी आकड्याकडे बघत नव्हते, गुडघ्याकडे बघत होते. पाय टेकला, गुडघा वाकला, सरळ बोटांवर. एक सेकंद. दोन. आत गेला नाही.