सेव्हिलच्या हिरव्या पट्ट्यांवरून: कमी खर्चातलं सायकलचं जाळं बघायला जाणाऱ्यांसाठी

युरोपातली सायकलची शहरं म्हटलं की ॲमस्टरडॅम आणि कोपनहेगन ही दोन नावं लगेच पुढे येतात. ती बघावीतच. पण तिथल्या सोयी कित्येक दशकं पैसे घालून उभ्या राहिल्या आहेत. सायकल जवळपास विसरून गेलेल्या शहरात, थोड्या पैशांत आणि झटपट हे कसं करता येतं ते पाहायचं असेल, तर दक्षिण स्पेनमधलं सेव्हिल गाठावं. मी मार्चच्या सुरुवातीला गेले. सोबत पाच मीटरची मोजपट्टी आणि वही नेली होती. बघायला जाणाऱ्या प्रत्येकाने या दोन गोष्टी न्याव्यात, कारण खर्चाची आणि सुरक्षिततेची सगळी गणितं शेवटी सेंटिमीटरवर येऊन थांबतात.

२००६ च्या आधी सेव्हिलमधल्या रोजच्या प्रवासात सायकलचा वाटा एक टक्कासुद्धा नव्हता. शहर सपाट, हवा वर्षातले बरेच महिने छान, तरीही रस्त्यावर उतरायची भीती होती. ‘आ कोन्त्रामानो’ ही सायकलस्वारांची संघटना १९८७ पासून वेगळ्या मार्गिका मागत होती. महापौर अल्फ्रेदो सांचेस मोन्तेसेइरिन यांच्या काळात ती मागणी मान्य झाली आणि मानुएल काल्वो यांनी जाळ्याची आखणी केली. २००६ ला काम सुरू झालं, २००७ मध्ये सुमारे ८० किलोमीटर तयार होते आणि २०१० पर्यंत १२० किलोमीटर. सगळा खर्च सुमारे ३.२ कोटी युरो, म्हणजे किलोमीटरमागे अडीच ते पावणेतीन लाख. २००९ मध्ये सुरू झालेल्या इथल्या मेट्रोची पहिली मार्गिका जेमतेम १८ किलोमीटरची आहे, तिच्यावर याच्या कितीतरी पट पैसा लागला. रोजच्या सायकल फेऱ्या मात्र काही वर्षांतच सहा हजारांच्या आसपासहून सत्तर हजारांच्या घरात गेल्या.

हे स्वस्तात कसं झालं, ते नदीकाठच्या तोर्नेओ रस्त्यावर उभं राहिलं की दिसतं. मार्गिका दुहेरी आहे, म्हणजे जाणारे-येणारे दोघे तिच्यावरून जातात, पण ती रस्त्याच्या एकाच बाजूला आहे. दोन बाजूंना दोन मार्गिका बांधायच्या तर दुप्पट कर्ब, दुप्पट चौक-कामं आणि जास्त जागा. इथे साधारण अडीच मीटरांत दोन्ही दिशा बसवल्या आहेत. जागा बहुतेक ठिकाणी गाड्यांच्या पार्किंगमधून काढली, सगळ्या जाळ्यासाठी सुमारे ५,००० पार्किंगच्या जागा गेल्या. मग ती पट्टी पदपथाच्या पातळीवर उचलली, हिरवी रंगवली आणि गाड्यांच्या बाजूने कुठे बोलार्ड (गाड्या अडवणारे आखूड खांब), कुठे कठडा, कुठे झाडांची रांग ठेवली. महागडे पूल नाहीत, दिखाऊ कमानी नाहीत. काम साधं आहे, पण सलग आहे, आणि माझ्या मते सगळं मर्म त्या सलगपणातच आहे.

माकारेनाच्या जुन्या तटबंदीपाशी मी सायकल घेतली, तटाच्या कडेने नदीवर आले, आलामिल्यो पुलावरून कार्तुहा बेटावर गेले, तिथून त्रियाना आणि मग सान तेल्मो पुलावरून विद्यापीठापर्यंत. जवळपास सगळी वाट मोटारींपासून वेगळी. मार्गिका मध्येच संपून ट्रकच्या शेजारी सोडून देत नाही. आपल्याकडे छान पेव्हर ब्लॉक टाकलेली मार्गिका बसथांब्यापाशी किंवा चौकाच्या अलीकडे संपते, आणि नेमक्या सगळ्यात धोक्याच्या जागी माणूस एकटा पडतो. मग कुणी वापरत नाही, आणि वापरत नाहीत म्हणून तिथे गाड्या लागतात. सेव्हिलने आधी एक रस्ता ‘प्रयोग म्हणून’ करून पाहिला नाही, एका दमात जाळं टाकलं. म्हणून पहिल्या वर्षापासून घर ते शाळा, घर ते कॉलेज अशा पूर्ण फेऱ्या शक्य झाल्या. सायकलवर कोण दिसतं ते नीट बघा: दप्तर लावलेली मुलं, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या आजी, कार्यालयात निघालेली माणसं. अंगाला घट्ट कपडे आणि शर्यतीची सायकल अशी मंडळी फार कमी. मार्गिका सुरक्षित आहे का, हे ओळखायला याहून चांगली खूण मला माहीत नाही.

सेव्हिल विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि या चळवळीतले जुने कार्यकर्ते रिकार्दो मार्केस यांनी अपघातांची आकडेवारी तपासून दाखवलं आहे की जाळं झाल्यावर सायकलच्या फेऱ्यांच्या मानाने धोका कमी झाला. फेऱ्या वाढल्या त्या वेगाने अपघात वाढले नाहीत.

उणिवाही बघून घ्याव्यात, कारण नक्कल करताना नेमक्या त्याच आधी उचलल्या जातात. पदपथाच्या पातळीवर मार्गिका असल्याने चालणारी माणसं सहज तिच्यावर येतात, विशेषतः उपाहारगृहांच्या टेबलांपाशी. चौकात मार्गिका झेब्रा क्रॉसिंगला खेटून नेली आहे. त्याने गाड्यांचा धोका कमी होतो, पण वळणं इतकी काटकोनी झाली आहेत की मालवाहू सायकलला ती अवघड जातात. काही ठिकाणी मी रुंदी दोन मीटरच्या जवळ मोजली. समोरून दोघे आले की तिथे खांदे आक्रसून घ्यावे लागतात. २००६ मध्ये जे पुरेसं होतं ते आज गर्दीच्या वेळी अपुरं पडतं. तरी मला विचाराल तर अरुंद पण सलग जाळं आधी करावं आणि रुंदी नंतर वाढवावी. रुंद तुकडे करून पुढच्या निधीची वाट बघत बसण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

जुन्या गावठाणात मात्र हा उपाय चालत नाही. गल्ल्या इतक्या अरुंद की पट्टी काढायला जागाच नाही. तिथे एकच मार्ग उरतो, आरपार जाणाऱ्या मोटारी बंद करणं. सेव्हिलने २०१० च्या अखेरीस मध्यभागात मोटारींवर निर्बंध आणले, पण २०११ मध्ये सत्ता बदलली आणि ते रद्द झाले. हा दुसरा अर्धा धडा बघायला मी पुढे बेल्जियममधल्या गेंटला गेले.

गेंटने ३ एप्रिल २०१७ रोजी नवा वाहतूक आराखडा लागू केला. शहराचा मध्य मोटारींसाठी बंद आणि भोवती सहा विभाग. एका विभागातून शेजारच्या विभागात मोटारीने थेट जाता येत नाही, बाहेरच्या वळणरस्त्यावरून फिरून जावं लागतं. सायकल, पायी आणि बसला मोकळी वाट. बांधकाम फारच थोडं: फुलझाडांच्या कुंड्या, खांब, फलक आणि नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे. शेजारून सायकलसाठीची फट. तिथल्या सायकल-रस्त्यांवर मोटार येऊ शकते, पण ताशी ३० किलोमीटरच्या आत आणि सायकलला ओलांडून न जाता. २०१२ मध्ये गेंटकरांच्या प्रवासात सायकलचा वाटा २२ टक्के होता, आराखडा आल्यावर काही वर्षांतच तो ३५ टक्क्यांच्या आसपास पोहोचला. तुमच्याकडे एकाच शहरासाठी वेळ असेल तर सेव्हिलला जा. पण तुमच्या गावात पेठा आणि बोळ जास्त असतील तर गेंट चुकवू नका.

आता तयारीचं. दोन्ही देश शेंगेनमध्ये येतात, एकच व्हिसा पुरतो. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. माद्रिदच्या आतोचा स्थानकावरून सेव्हिलच्या सान्ता हुस्ता स्थानकापर्यंत वेगवान गाडीने साधारण अडीच तास लागतात, आणि तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा दुपारी सायकल चालवणं जिवावर येतं. फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. ईस्टरच्या आधीचा आठवडा आणि वसंतातली जत्रा टाळा, कारण मिरवणुकांमुळे रस्ते बंद असतात आणि खोल्यांचे दर वाढलेले.

‘सेविसी’ ही सार्वजनिक सायकल सेवा छोट्या अंतरासाठी चांगली. पहिल्या अर्ध्या तासाच्या आत सायकल स्थानकावर परत लावायची. कार्डावर अनामत रक्कम अडकून राहू शकते, त्यामुळे कार्डाची मर्यादा बघून जा. दिवसभर फिरून मोजमापं घ्यायची असतील तर दुकानातून भाड्याने घेतलेली सायकल बरी, कुलूप चांगलं आहे ना ते पाहून. कानात हेडफोन घालून सायकल चालवणं स्पेनमध्ये नियमाविरुद्ध आहे, रात्री दिवे सक्तीचे आहेत. शहरात १६ वर्षांखालच्यांना हेल्मेट घालावंच लागतं, शहराबाहेरच्या रस्त्यांवर सगळ्यांना. पदपथावर सायकल चालवली तर दंड होऊ शकतो. गेंटमध्ये ट्रामच्या रुळांपासून सावध राहा. रूळ शक्यतो काटकोनात ओलांडायचे, नाहीतर चाक खाचेत अडकतं.

सकाळी आठ ते नऊ या वेळेत शाळेजवळच्या चौकात उभं राहा, तेवढ्या तासाभरात पुस्तकांपेक्षा जास्त कळतं. फोटो काढताना सायकलस्वारांबरोबर कडाही टिपा: मार्गिका पदपथाला जिथे मिळते ती उतरण, बसथांब्यामागून ती कशी वळवली आहे, सोसायटीच्या फाटकापाशी पातळी तुटते की मोटारीलाच उंचवटा चढावा लागतो, पावसाचं पाणी कुठे जातं. प्रत्येक फोटोत मोजपट्टी उलगडून ठेवा आणि रस्त्याचं नाव वहीत लगेच लिहा. परत आल्यावर रस्ता खात्याच्या अभियंत्यासमोर बसाल तेव्हा पहिला प्रश्न रुंदीचाच येतो.