जाळ कुणी वाढवला?

फोटो स्पर्धेचं परीक्षण म्हटलं की लोकांना वाटतं, तीन जाणती माणसं एकेका चित्रापुढे हनुवटीला हात लावून बसलेली असतात. पहिल्या फेरीत एका फोटोच्या वाट्याला जेमतेम चार-पाच सेकंद येतात. नावं झाकलेली, पडदे ओढलेले आणि आम्ही तिघं ‘ठेवा’, ‘काढा’ म्हणत बसतो. भाजी निवडावी तसं.

आमच्या मंडळाचा या वेळचा विषय होता ‘अन्न’. सोलापुरात हा विषय दिला की काय येणार ते फाइल उघडायच्या आधी सांगता येतं. वरून काढलेल्या थाळ्या. शेंगाचटणीचा ढीग आणि त्याच्या शेजारी देठासकट लाल मिरच्या, जणू कुणी चटणीबरोबर अख्ख्या मिरच्या वाढतं. हुरड्याची आगटी. कबाबाच्या शिगांवरून उडणाऱ्या ठिणग्या. आमची मंडळी नान्नजच्या माळावर माळढोक पक्ष्याची वाट बघत उन्हात दिवस काढतील, संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी घातलेल्या नंदीध्वजधारकांमागे अनवाणी पळतील. पण एक भाकरी होईपर्यंत चुलीपाशी थांबायला सांगा, जमत नाही.

त्यामुळे माणसाचा फोटो शेवटच्या फेरीत एकच राहिला. चुलीपुढे बसलेली साठीची बाई, कडक भाकऱ्या करणारी. काळापांढरा फोटो. मागे गडद अंधार, तव्याच्या दोन्ही अंगांनी वर आलेला जाळ, कपाळावर घाम, ठळक सुरकुत्या आणि थेट आपल्यावर रोखलेले बारीक डोळे.

“काय वेदना आहे बघ चेहऱ्यावर!” आमचे सर म्हणाले. सर निवृत्त चित्रकला शिक्षक, त्यांच्या हाताखाली अर्धं शहर रेघा मारायला शिकलं. तिसरे परीक्षक लग्नाच्या फोटोंतले नावाजलेले. त्यांनी नुसतं “पहिला” म्हणून पाण्याची बाटली उघडली.

मला वेदना दिसेना. मला भाकरी दिसत होती.

माझा धंदा स्टुडिओचा. पासपोर्ट, बारसं, साखरपुडा हे रोजचं. त्याच्या जोडीला चटणी, भाकरी, शेंगापोळीच्या पाकिटांवरचे फोटो मी काढतो, आणि त्यापायी भाकऱ्यांसमोर इतका उभा राहिलोय की घरी ताटात आली तरी आधी तिची कड बघतो. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून पीठ गरम पाण्यात भिजवून तळहाताच्या बुडानं रगडून मळावं लागतं. थापताना खाली कोरडं पीठ भुरभुरतात. भाकरी तव्यावर पडते तेव्हा ती पिठाची बाजू वर येते आणि लगोलग तिच्यावर बोटांनी पाणी फिरवावं लागतं. उशीर झाला की वरचं अंग सुकतं, कडेपासून चिरा आत शिरतात. कडक भाकरीचं तर आणखी नाजूक. ती पातळ थापायची आणि मंद आचेवर अंगातलं पाणी संपेस्तोवर शेकायची. जाळ मोठा झाला की बाहेरून करपते, आत वातड राहते, आणि पाणी राहिलेली भाकरी टिकत नाही. टिकली नाही तर ती कडक भाकरी कसली?

फोटोतल्या भाकरीवर पाणी फिरवलेलंच नव्हतं. वरचं अंग पांढरं फटक, कडेला चिरा. पाण्याचं भांडं चौकटीतच होतं, मावशींच्या गुडघ्याजवळ. आणि तो जाळ! एवढ्या जाळावर कडक भाकरी करणारी बाई सोलापूर जिल्ह्यात शोधून सापडायची नाही. म्हणजे कुणीतरी जाळ वाढवायला लावला, मावशींना हात थांबवून कॅमेऱ्याकडे बघायला लावलं आणि तव्यावरची भाकरी करपायला लागली. त्या डोळ्यांत मला जे वाचता आलं ते एवढंच, “उरका आता.”

मी हे बोलून दाखवलं. सर वैतागले. “अरे, आपण फोटोचं परीक्षण करतोय की भाकरीचं?”

प्रश्न बरोबर होता आणि अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. सरांनी पुढे ऑगस्ट झांडरचा दाखला दिला. जर्मनीतल्या कोलोनचा हा छायाचित्रकार. त्यानं १९२८ साली काढलेला मिठाईवाल्या आचाऱ्याचा फोटो व्यक्तिचित्रांच्या इतिहासात मानाचा समजतात. पांढरा लांब कोट, गोल गरगरीत देह, हातात भांडं, आणि माणूस काम थांबवून सरळ कॅमेऱ्याकडे बघतोय. “त्याच्या भांड्यातलं काही करपलं की नाही, ते तू विचारलंस का?” सर म्हणाले. यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. एवढंच म्हणालो, की त्या माणसाकडे बघून हा आपल्या भटारखान्याचा राजा आहे असं वाटतं. इथं मावशींकडे बघून कीव येते. रोज शेकडोंनी एकसारख्या भाकऱ्या थापणाऱ्या कसबी बाईची कीव यावी, हे कुणाचं अपयश?

बाकीचे दोष सरळ होते, त्यांवर भांडण नव्हतं. लेन्सचं तोंड एफ १.८ इतकं उघडं, म्हणजे डावा डोळा धारदार आणि हात धूसर. भाकरीवालीच्या फोटोत हात धूसर! शिवाय चौकटीच्या खालच्या कडेनं उजव्या हाताची बोटं पेरावर कापलेली. कापायचंच तर मनगटाच्या बरंच वर कापावं, पेरावर कापलं की बोट तुटल्यासारखं दिसतं. तोंड लहान करून एफ ४ ला गेला असता तर हात इतके धूसर झाले नसते. कमी पडलेल्या उजेडासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ३२०० पर्यंत चढवला असता तरी आजच्या कॅमेऱ्यांना काही होत नाही. सुरकुत्यांवर तो ‘क्लॅरिटी’चा, म्हणजे कंप्युटरवर बारीकसारीक रेघा ठळक करायचा, घोडा इतका दामटलेला की कातडं चुलीच्या मातीसारखं दिसत होतं. आमच्या धंद्यात म्हातारी बाई दिसली की हे करायचा एक रोगच आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे उजव्या कडेला, अंधारात, अर्धी कापली गेलेली भाकऱ्यांची चळत. रचून ठेवलेली, एकावर एक. या बाईला काय येतं याचा चौकटीतला एकमेव पुरावा, आणि तोच कापला. कॅमेरा फूटभर सरकवला असता तर काम झालं असतं.

दोन विरुद्ध एक. फोटो पहिला आला.

रविवारी संध्याकाळी निकालानंतर चर्चा असते. तिथं नावं उघडतात. फोटो काढणारा मुलगा इंजिनीअरिंगचा, पूर्व भागातला. घरात तेलुगू, दारात मराठी. मी माझं म्हणणं मांडलं, भाकरीसकट. पोरगं शांतपणे ऐकून घेत होतं. माझं संपल्यावर म्हणालं,

“सर, जाळ मी नाही वाढवला. मावशीच म्हणल्या, थांब, जाळ वाढवते, फोटूत चांगलं दिसतंय.”

हॉलमध्ये हशा पिकला. मीही हसलो. मग त्यानं पुढचं सांगितलं. मावशींकडे याआधीही कॅमेरेवाले येऊन गेले होते, आणि दर वेळी त्यांना जाळ मोठा करायला सांगितलं होतं. आता कॅमेरा दिसला की त्या आपणहून दोन लाकडं आत सारतात.

म्हणजे आम्हीच शिकवलेलं आमच्यापुढे आलं होतं. पण त्यात खोटं तरी काय? माझ्या स्टुडिओत लोक ठेवणीतली पैठणी नेसून, केसांना रंग लावून येतात. त्याला मी आजवर खोटं म्हटलेलं नाही. उलट पदर नीट करा म्हणतो. मग मावशींनी आपल्या फोटोसाठी जाळ वाढवला आणि एक भाकरी त्यापायी सोडली, तर मी कोण बोलणारा? मला तरीही ते डोळे सोडत नव्हते. जी बाई हौसेनं जाळ वाढवते, ती अशी बघेल?

चर्चा संपल्यावर मी मुलाला लॅपटॉप उघडायला लावला. मूळ फायली त्याच्याकडे होत्या. आमच्या नियमात पहिल्या तीन क्रमांकांना त्या दाखवाव्याच लागतात. पहिली गोष्ट कळली ती काळ्यापांढऱ्याची. एका गालावर ट्यूबचा हिरवट उजेड, दुसऱ्यावर चुलीचा शेंदरी. चुलीच्या ज्वाळेचं रंगतापमान, म्हणजे उजेडाचा रंग मोजायचं माप, २००० केल्विनच्या आसपास, ट्यूबचं त्याच्या दुप्पट-तिप्पट. एक गाल सुधारायला गेलं की दुसरा बिघडतो. अशा वेळी रंग काढून टाकणं ही आमची जुनी पळवाट. ट्यूब बंद करून दार उघडलं असतं तरी निम्मं काम झालं असतं. काही फ्रेमवर आडवे पट्टेही होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० सेकंदाला ठेवायचं. हे पोरांना कुणी सांगत नाही, आणि क्लासवाले फी घेऊन लेन्सच्या किमती सांगतात.

मग मी सुरुवातीच्या फ्रेम बघितल्या आणि गप्प झालो.

पहिल्या काही फोटोंत मावशी हसत होत्या. दोन दात नसलेलं, मोकळं, मोठं हसू. जाळ नुकताच वर आलेला, भाकरी दोन्ही हातांवर तोललेली, मान थोडी तिरकी, ‘काढ’ म्हणाल्यासारखी. मागे भाकऱ्यांची चळत, पूर्ण. पुढे फ्रेमगणिक हसू कमी होत जातं. भाकरी तव्यावर पडते. पोरगं जवळ जवळ सरकतं, चळत चौकटीबाहेर जायला लागते. मावशींचा हात एकदा पाण्याच्या भांड्याकडे निघतो आणि अर्ध्यात थांबतो, बहुधा त्यानं “हलू नका” म्हटलं म्हणून. मग तव्याच्या कडेनं धूर, आणि डोळे बारीक. तीच आमची वेदना.

“हे हसलेले का नाही पाठवले?” मी विचारलं.

“हसलेल्याला मार्क पडत नाहीत सर.”

त्यानं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पेपरात कुठला प्रश्न येतो हे सांगावं, तसं सांगितलं. हॉलच्या भिंतीवर मंडळाच्या आधीच्या विजेत्यांचे फोटो लावलेत. मी एकेक बघत गेलो. विडी वळणाऱ्या बायका, मागावरचे कामगार, वारकरी, कुंभार. सगळे गंभीर. एक माणूस हसत नाही. त्यातल्या काहींना मार्क मीही दिलेत.

सरांना मी दुसऱ्या दिवशी हसलेली फ्रेम पाठवली. त्यांचं उत्तर आलं, “गोड आहे. पण कॅलेंडर वाटतं.” लग्नवाल्या परीक्षकांनी अंगठा पाठवला, तो कशाला होता ते त्यांनाच ठाऊक. सरांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. हसरा चेहरा लगेच संपतो, रोखलेले डोळे आपल्याला धरून ठेवतात. व्यक्तिचित्रात हे खरंच आहे. पण भाकरी करपताना रोखलेले डोळे आणि आयुष्य करपल्यामुळे रोखलेले डोळे यांतला फरक बघणाऱ्याला कळू नये अशी चौकट बांधली, तर तो फोटो कुणाविषयी बोलतोय?

मुलगा दोन्ही फोटोंच्या प्रती घेऊन मावशींकडे गेला होता. त्यांच्या बचत गटाला संक्रांतीच्या यात्रेतल्या स्टॉलसाठी बोर्ड करायचा होता, त्यात एक लावू म्हणाला. पहिल्या क्रमांकाचा त्यांनी बघितला आणि काही न बोलता उलटा ठेवला. हसलेल्यावर मात्र बराच वेळ रेंगाळल्या. मला वाटलं होतं, दात नाहीत म्हणून नको म्हणतील. त्यांनी हातातल्या भाकरीवर बोट ठेवलं.

“ही एका बाजूला जाड आलीय की रे. बोर्डावर असली लावलास तर गिऱ्हाईक येतंय होय? परत ये, दुसरी काढू.”

पोरगं येत्या गुरुवारी सकाळी जाणार आहे. मी त्याला माझा ३५ मिमीचा, चौकटीत जास्त जागा घेणारा लेन्स दिलाय आणि ट्यूब बंद करायला सांगितलंय. जाळाबद्दल काही बोललो नाही.