फेनाकाइटची नोंद, भाग २: तीन बुडबुड्यांनी केलेला घोळ

मागच्या नोंदीतल्या दोन रंगहीन खड्यांचा निकाल एकदाचा लागला. विकणाऱ्याने दोन्ही 'फेनाकाइट' म्हणून दिले होते, पण सोबत कागद-बिगद काही नव्हता.

हा दगड मुळात फसवाच. १८३३ मध्ये खनिजशास्त्रज्ञ नॉर्डेनशॉल्ड यांनी उरल पर्वतातल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं तेच 'फसवणारा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, कारण तोवर लोक त्याला क्वार्ट्झच समजत होते. दिसायला आपली स्वच्छ गारगोटी, पण आत बेरिलियमचं सिलिकेट. काठिण्य दहापैकी ७.५ ते ८.

रविवारी घरातली वर्दळ थांबल्यावर काटा काढला. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य केला आणि तंगूसाच्या फासात खडा अडकवून तळाला न टेकवता पाण्यात सोडला. काटा जेवढं दाखवतो तेवढं पाणी खड्याने बाजूला सारलेलं असतं. खड्याचं हवेतलं वजन त्या आकड्याने भागलं की विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खडा तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड आहे ते, मिळतं.

पहिला खडा ०.६८४ ग्रॅमचा. काट्यावर आलं ०.२३८, म्हणजे २.८७. फेनाकाइट म्हणावं तर हलका, रंगहीन बेरिल (पाचूच्याच कुळातलं खनिज) म्हणावं तर जड. अर्धा तास डोकं खाजवलं. मग भिंगातून पेल्यात पाहिलं, तर फासाच्या गाठीशी मोहरीएवढे तीन बुडबुडे आरामात बसलेले! पाणी उकळून गार केलं, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला, खडा बुडवून मऊ ब्रशने पुसला. आता ०.२३२. भागाकार २.९५. फेनाकाइट २.९३ ते ३.०० च्या दरम्यान असतो, म्हणजे बसला.

दुसरा खडा ०.५७४ ग्रॅम, काट्यावर ०.२१६, उत्तर २.६६. क्वार्ट्झ. पैसे गेले ते गेले.

तरी पहिल्याची खात्री नव्हती. डॅनब्युराइटही रंगहीन आणि गुरुत्व ३.०० च्या आसपास. तो असता तर काट्यावर ०.२२८ आलं असतं. चार मिलिग्रॅमच्या फरकावर माझ्या स्वस्त काट्याची साक्ष कोण मानणार? म्हणून मित्राचा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खडा प्रकाश किती वाकवतो (अपवर्तनांक) ते मोजणारं यंत्र, आणला. खडा फिरवताना एक सावली १.६५४ वर ठाम, दुसरी सरकत १.६७० पर्यंत. डॅनब्युराइट १.६३० ते १.६३६ मध्येच आटोपतो. विषय संपला.

उपयोगाचं म्हणाल तर हा संग्राहकांचा दगड. अंगठीत सहज टिकेल इतका कठीण, पण वर्णविक्षेपण (प्रकाशाचे रंग वेगळे करण्याची ताकद) जेमतेम ०.०१५ (हिऱ्याचं ०.०४४), त्यामुळे रंगांची आतषबाजी अपेक्षू नका. चमक स्वच्छ, थंड. कुणी कच्चा तुकडा घासणार असेल तर पाणी सुरू ठेवूनच घासा. बेरिलियमची धूळ छातीत जाणं वाईट.

मला सर्वांत आवडलेली गंमत वेगळीच आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पाचूत कधीकधी फेनाकाइटचे बारीक स्फटिक अडकलेले असतात. हायड्रोथर्मल (गरम पाण्याच्या द्रावणात दाबाखाली वाढवलेल्या) पाचूत तर खिळ्यासारखी पोकळी दिसते आणि खिळ्याचं डोकं म्हणजे बहुधा फेनाकाइटच. फसव्या नावाचा हा दगड तिथे चुगली करतो. तसा एखादा पाचू मिळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचाय. तोवर क्वार्ट्झचा खडा त्याच डबीत, चिठ्ठी लावून, तुलनेसाठी.