चिरे, वालुकाश्म आणि तांबडी सुर्ल

आज फोंड्याहून तांबडी सुर्लला जाऊन कदंबकालीन महादेवाच्या सभामंडपात बसलो असता, मागच्या आठवड्यात आम्ही चौघांनी खासगी गाडी आणि गाईड घेऊन केलेला कंबोडिया-लाओसचा प्रवास पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहिला. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मनने उभारलेले अंगकोर वाट मूळचे विष्णूचे, आणि बहुतेक ख्मेर मंदिरांप्रमाणे पूर्वाभिमुख नसून पश्चिमाभिमुख आहे, हे गाईडने खंदकाच्या काठीच समजावले. मला मात्र अधिक ओढ लागली ती वालुकाश्माच्या नक्षीआड दडलेल्या जांभ्या दगडाची. आपल्या घरांचे चिरे तिथे राजाच्या देवळाचा भार पेलताना पाहून मी उगाचच सुखावलो.

सीमेवर गाडी आणि गाईड दोन्ही बदलले, आणि कागदपत्रांत अर्धा दिवस गेला. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

लाओसमधील वाट फू मात्र विसरणे कठीण. लिंगपर्वत म्हणून पूजलेल्या डोंगराच्या उतारावर हे शैव स्थान आहे आणि कड्याखालच्या झऱ्याचे पाणी दगडी पन्हळीतून गाभाऱ्यातील लिंगावर अखंड पडावे, अशी योजना तिथे होती. आता आत बुद्धमूर्ती आहेत आणि लोक त्याच श्रद्धेने फुले वाहतात. गाईडला घाई नव्हती, त्यामुळे झऱ्यापाशी तासभर बसता आले; मोठ्या गटाबरोबर गेलो असतो तर शिट्टी वाजली असती.

आज सुर्लच्या ओढ्याचा आवाज ऐकत बराच वेळ बसलो, आणि जेवायला घरी पोचायला तीन वाजले.