बँड गॅप काढायला जाडी कशाला हवी?

यूव्ही-व्हिजिबल तपासणीच्या फॉर्मवर ‘फिल्मची जाडी (नॅनोमीटर)’ असा रकाना आहे. तो कोरा दिसला की सँपल परत. बीड-परभणीकडून एसटीने कॅडमियम सल्फाइडची पातळ फिल्म चढवलेल्या काचपट्ट्या सांभाळत आणायच्या आणि खिडकीवर हे ऐकायचं!

मुळात यूव्ही-व्हिजिबल (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो याचं मोजमाप) घेतो ते बँड गॅपसाठी, म्हणजे बांधलेल्या इलेक्ट्रॉनांचा व्हॅलन्स बँड आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा कंडक्शन बँड यांच्यातल्या ऊर्जेच्या अंतरासाठी. फोटॉनची ऊर्जा गॅपपेक्षा कमी असली तर प्रकाश आरपार जातो. जास्त झाली की व्हॅलन्स बँडमधला इलेक्ट्रॉन तो गिळून कंडक्शन बँडमध्ये चढतो. कॅडमियम सल्फाइडचा गॅप सुमारे 2.42 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. 1240 ला त्याने भागलं की तरंगलांबी मिळते, 512 नॅनोमीटर. शोषण तिथून चढतं. गॅप काढायचा तो टाउक आलेखाने: αhν चा वर्ग hν समोर मांडून सरळ भाग खाली एक्स-अक्षापर्यंत वाढवायचा, रेषा अक्षाला छेदते तो गॅप. hν म्हणजे फोटॉनची ऊर्जा, α म्हणजे शोषण गुणांक, तो शोषणाला जाडीने भागून काढतात. जाडी चुकली तर α सगळीकडे एकाच पटीत चुकतो. रेषेचा चढ बदलेल, अक्षाला छेदण्याची जागा नाही. हे खिडकीवर समजावत बसू नका, तिथे रकाना भरलेला लागतो.

तर वजन करा. काचपट्टी आधी तोलून ठेवा, फिल्म बसल्यावर पुन्हा तोला. वजनातली वाढ भागिले (क्षेत्रफळ गुणिले घनता) म्हणजे जाडी; घनता 4.82 ग्रॅम प्रति घन सेंमी. 10 चौरस सेंमीवर अर्धा मिलिग्रॅम म्हणजे सुमारे 104 नॅनोमीटर. चार दशांशांच्या काट्यावर 0.1 मिलिग्रॅमच्या फरकाने 20 नॅनोमीटर इकडे-तिकडे होतात, म्हणून पाच दशांशांचा काटा शोधा. फिल्म सच्छिद्र असते, तेव्हा आकड्याआधी ‘अंदाजे’ लिहा. चालतं.

दुसऱ्यांदा तोलण्याआधी मागची बाजू पुसायची, हे राहिलंच. केमिकल बाथमध्ये (काच द्रावणात बुडवून ठेवतो तेव्हा) फिल्म काचेच्या दोन्ही बाजूंना बसते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवलेल्या कापसाने मागचा थर काढा, पण फ्यूम हूडमध्ये आणि हातमोजे घालून. हायड्रोजन सल्फाइड सुटतो. कापूस कॅडमियमच्या वेगळ्या कचऱ्यात.

बेसलाइनसाठी (काचेचं स्वतःचं शोषण वजा करायला) त्याच पाकिटातली कोरी काच न्या. दिवा अर्धा तास तापू द्या. स्कॅन 800 ते 350 नॅनोमीटर. अॅब्सॉर्बन्स (शोषणाचा आकडा) 3 च्या वर जाऊन माथा सपाट झाला तर फिल्म जाड आहे, त्या भागावर रेषा ओढू नका. गॅप 2.5 च्या पुढे आला तर घाबरू नका, बारीक कणांच्या फिल्ममध्ये तसा येतो.

आणि निघताना नुसता प्रिंट घेऊ नका. आकड्यांची फाइल मागा, प्रिंटवरून टाउक आलेख निघत नाही.